काकांची तीन बोटं

पाहणीवाल्या ताईंनी उंची मोजायची पट्टी भिंतीला लावली, तेव्हा काका आधीच छाती फुगवून उभे होते. दर काही वर्षांनी सरकार घरोघरी माणसं पाठवून देशाची तब्येत बघतं आणि त्यासाठी आपलं घर निवडलंय, याचा त्यांना कोण अभिमान! जन्मभर बस चालवलेला माणूस. आता सगळा देशच आपण चालवतोय, असा थाट.

"व्यायाम?" ताईंनी विचारलं.

"रोज!"

शिवणयंत्रामागून काकू खोकल्या.

"रोज मनात येतं," काकांनी दुरुस्ती केली.

"पाठदुखी वगैरे?"

"छे!"

ताईंनी हसू दाबत उंची मोजली. मागच्या फेरीचा आकडा पाहिला आणि पुन्हा मोजली.

"काका, मागच्यापेक्षा तीन बोटं कमी भरताय."

"तुमची पट्टी बिघडलीय!"

मग काकूंना उभं केलं. त्या मागच्या वेळी होत्या तेवढ्याच भरल्या. पट्टी निर्दोष सुटली, वर काकू काकांपेक्षा उंच निघाल्या. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"मला ठाऊक होतं," काकू हळूच म्हणाल्या. "तुमच्या पँटी मीच दोनदा आखूड केल्या."

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"कापड ताणतं म्हणून तुम्ही कापडवाल्याच्या नावानं बोटं मोडत होता. म्हटलं, तेवढंच समाधान."

ताई मात्र गंभीर झाल्या. "काका, खरं सांगा. पाठ दुखते?"

"थोडी."

"थोडी? कूस बदलताना कळवळतात," काकू म्हणाल्या. "विचारलं की अंगावर येतात."

ताईंनी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, ती मात्र काकांनी मुकाट्याने खिशात घातली.

तपासणीत मणक्याची हाडं ठिसूळ झालेली निघाली. वेळेत कळलं, म्हणून औषधांवर निभावलं.

पुढे एकदा ताईंना दोघं रस्त्यात दिसली. काकू खालून चालत होत्या आणि काका शेजारच्या उंच फुटपाथवरून, त्यांच्या खांद्यावर हात टाकून, अगदी ऐटीत.

"काका, खाली उतरा, पडाल!" ताई ओरडल्या.

"राहू द्या हो," काकू हसल्या. "फुटपाथ संपला की येतात खाली."