प्रजेला सिंहासन दिसू दे

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यासारखीनं आपली कहाणी सांगायला घेतली की ऐकणारे लगेच मान तिरकी करून हळहळायच्या तयारीला लागतात. ती तयारी कृपा करून करू नका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं चाकांच्या तारा ताणायचं काम एक बाई करायची. प्रत्येक तार बोटानं छेडून बघायची आणि आवाज मनासारखा आला की मगच पुढच्या तारेला हात लावायची. मोठ्या माणसांच्या खुर्च्यांच्या रांगेत मी एकटीच मुलांच्या मापाची, गडद लाल रंगाची होते. तिथून मी एका दुकानात आले. त्या दुकानात पाऊल टाकलं की माणसं आवाज खाली आणायची, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. मी तर टक्क जागी होते.

एक दिवस एक बसचालक आपल्या मुलीला कडेवर घेऊन आला. त्यानं आधी माझे टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, मग ब्रेक ओढून पाहिला.

"ब्रेक चांगला आहे," तो म्हणाला.

"ब्रेकचं काय घेऊन बसलात, बाबा," मुलगी म्हणाली. "पळते कशी ते बघा ना."

तिचे डोळे घारे होते, म्हणून घरीदारी सगळे तिला घारीच म्हणत. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नव्हती. बाकी सगळं उत्तम चालत होतं. तोंड तर जरा जास्तच.

घारीच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच राहायच्या खोल्या होत्या. मी आले त्याच आठवड्यात बाबांनी मधल्या दाराचा उंबरा उखडून टाकला. मग काय विचारता. इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा मांडीवर घ्यायचा, हनुवटीनं दाबून धरायचा आणि गल्लीभर पोचवत सुटायचं, हे घारीचं काम. गरम कपड्यांचा तो वास अजून माझ्या अंगाला आहे. उतारावर ती चाकांवरचे हात सोडून द्यायची. आई दुकानातून ओरडायची, "घारे, शर्ट चुरगळले तर तुलाच घालायला लावीन." आमचे ते दिवस सुखाचे होते. उगाच नाही म्हणायचं नाही.

मग राग कशाचा? सांगते.

आम्ही कापडाच्या दुकानात जायचो. दुकानदार घारीच्या डोक्यावरून आईला विचारायचा, "हिला कुठला रंग आवडतो?" घारी खालून सांगायची, "हिला निळा आवडतो. हिला ऐकूपण येतं." तो ओशाळून हसायचा आणि पुढचा प्रश्न पुन्हा आईलाच विचारायचा.

मावशीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो काढायचा ठरला. फोटोवाला म्हणाला, "खुर्ची जरा बाजूला घेता का? फ्रेममध्ये बरी नाही दिसत." घारीला उचलून सोफ्यावर दोन मावसभावांच्या मध्ये दाबून बसवलं आणि मला पडद्यामागे लोटलं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात घारी एका बाजूला कलंडलेली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर कुणाला तरी चावावं असा भाव आहे. पडद्याआडून माझं नुसतं एक हँडल डोकावतंय.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण मग शाळेत तो धडा आला.

वाचनाच्या पुस्तकात एक गोष्ट होती. गोष्टीतली मुलगी माझ्यासारख्याच खुर्चीवर बसायची. आमच्या दोघींच्या अंगावर काटा आला, कारण पुस्तकात आपलं कुणी भेटायची ही पहिलीच वेळ. चित्रसुद्धा होतं. घारीनं पान जवळ ओढून घेतलं आणि वाचत गेली. ती मुलगी खिडकीत बसून पाखरं बघायची, कुणावर रागवायची नाही, कुणाचं काही बिघडवायची नाही. शेवटी ती इतकी सहनशील ठरली की एका सकाळी उठून चालायलाच लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खुर्ची अडगळीच्या खोलीत टाकली. संपली गोष्ट.

वर्गशिक्षिका बाईंनी विचारलं, "या गोष्टीतून आपण काय शिकलो?"

एका मुलानं उभं राहून सांगितलं, "आपल्याला पाय आहेत म्हणून आपण आनंदी राहिलं पाहिजे."

"शाबास," बाई म्हणाल्या.

सगळा वर्ग घारीकडे बघायला लागला. घारीनं हात वर केला. "बाई, ती दिवसभर खिडकीत का बसते? तिला शाळा नाही का?"

"घारी, ती गोष्ट आहे बाळा."

"तिला मैत्रीण का नाही? ती कुणाशी भांडत का नाही? आणि ती बरी झाली नसती तर गोष्ट कशी संपली असती?"

बाईंनी घारीच्या गालाला हात लावला आणि पान उलटायला सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. तोच तर त्रास होता. वाईट असत्या तर घारीला भांडता तरी आलं असतं.

पुढे वार्षिक संमेलनाचं नाटक ठरलं. त्यात एक दुष्ट राणी होती. बागेतलं एक फूल सुकलं म्हणून ती म्हाताऱ्या माळ्याला राज्याबाहेर हाकलते, मग एकेक करून सगळ्यांनाच हाकलते, आणि शेवटी ओसाड नगरात एकटीच हुकूम सोडत राहते. घारीनं राणीचं सगळं भाषण कपडे पोचवता पोचवता पाठ केलं. गल्लीतली निम्मी माणसं त्या आठवड्यात तिनं हद्दपार केली.

बाईंनी मात्र तिला वेगळंच काम काढून ठेवलं होतं. "एक आजारी मुलगी असते, माळी तिला फुलं देतो. तू किती छान दिसशील त्यात. बोलायचंही काही नाही."

"मला राणी व्हायचंय," घारी म्हणाली.

"अगं, राणी खुर्चीवर कशी?"

"बाई, राण्या खुर्चीवरच बसतात."

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. राणीचं काम जिला दिलं होतं ती उंच मुलगी, तिला सगळे लंबू म्हणत, ती उठून म्हणाली, "देऊन टाका तिला. मला ते भाषण काही पाठ होत नाही. मी प्रधान होते, प्रधानाला नुसतं 'जी सरकार' म्हणायचंय." असं घारीला राज्य मिळालं.

शाळेच्या शिपायानं आणि बाबांनी मंचाला फळ्या ठोकून उतार केला. सगळं जमलं. आणि नाटकाच्या दिवशी बाई जांभळी मखमली चादर घेऊन आल्या. माझ्या पाठीवर, हातांवर, चाकांवर त्यांनी ती गुंडाळली आणि पिनांनी घट्ट बसवली. "आता कुणाला कळायचंसुद्धा नाही," त्या खुशीत म्हणाल्या.

मित्रांनो, मला पडद्यामागे लोटलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं त्या दिवशी लागलं. नाटकात यायला सांगायचं आणि येताना तोंड झाकून या म्हणायचं, ही कुठली रीत? घारीचे हात चादरीवरून माझी चाकं चाचपत होते. चाकं धरता येत नव्हती, म्हणून प्रधानानं आम्हाला ढकलत मंचावर नेलं.

पडदा उघडला. माळी समोर थरथरत उभा होता. घारीचं पहिलं वाक्य होतं, "हे फूल कुणी सुकवलं?" तिनं ते म्हटलंच नाही. विंगेतून बाई वाक्य पुटपुटायला लागल्या.

"प्रधानजी," घारी सावकाश म्हणाली, "ही चादर काढा."

लंबू गोंधळली. तिच्या कामात फक्त 'जी सरकार' होतं.

"ऐकू नाही आलं? चादर काढा. प्रजेला सिंहासन दिसू दे."

"जी सरकार," लंबू म्हणाली आणि तिनं चादर ओढली. पिना टणाटण उडाल्या. माझ्या लाल नळ्या, माझ्या तारा, माझी झिजलेली चाकं दिव्यांच्या झोतात लखलखली. घारीनं दोन्ही चाकं पकडली, गर्रकन वळली आणि माळ्याच्या अंगावर अशी धावून गेली की तो खरोखरच मागं सरकला. "आता बोल," ती म्हणाली. "हे फूल कुणी सुकवलं?"

नाटक संपल्यावर प्रमुख पाहुणे डोळे पुसत आले. "किती गोड मुलगी," ते आईला म्हणाले. "किती धीराची."

"काका, मी गोड नव्हते," घारी म्हणाली. "मी त्या माळ्याला देशोधडीला लावलं. तुम्हाला राग नाही आला माझा?"

पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि ते चहाला गेले. घारीचा चेहरा पडला. इतकं करून या माणसाला राणी दिसलीच नव्हती.

आम्ही दाराशी पोचलो तर बालवर्गातली एक चिमुरडी आडवी आली. कमरेवर हात, गाल फुगलेले.

"तू त्या आजोबांना का हाकललंस?" तिनं विचारलं. "तू एकदम वाईट आहेस. मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही." आणि रडत रडत आईच्या मागे लपली.

घारीनं तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. घरापर्यंत ती एकटीच हसत होती.

पुढे ती मोठी झाली आणि माझ्यात मावेनाशी झाली. आता ती बसच्या आगारात काम करते. कुठली बस कुठून सुटणार हे सांगणारा भोंग्यातला आवाज तिचा आहे. सगळं गाव तो आवाज ओळखतं, पण तो आवाज चाकांच्या खुर्चीवर बसून येत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. तिच्या भाचरांची पुस्तकं नवी आहेत, चित्रं रंगीत आहेत, आणि खिडकीतली ती मुलगी अजून शेवटच्या पानावर उठून चालते.

माझ्या वयाची वस्तू सहसा म्हणते, मला पुसा, माझ्या चाकांत तेल घाला. घातलंत तर नको म्हणणार नाही. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणी पुढे गोष्टी लिहील, कुणी चित्रं काढील, कुणी मुलांना शिकवील. तेव्हा माझ्यावर बसलेल्या मुलीला बरी करायची घाई करू नका. तिला काहीतरी काम द्या. तिला चोर पकडू द्या, नाहीतर चोरी करू द्या. तिला शाळेत उशीर होऊ द्या, मैत्रिणीची पेन्सिल ढापू द्या, खोटं बोलून पकडली जाऊ द्या. आणि गोष्ट संपली की तिला जशी आली तशीच घरी जाऊ द्या, माझ्यावर बसून, उतारावर हात सोडून.