टेबलाचा एक कोपरा

मी एक जुने टेबल आहे, जेवणाचे. चार पाय, सागाच्या पाच फळ्या आणि मधोमध किंचित झिजलेली पाठ, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या सुताराने शेवटचा रंधा मारला आणि तो सरळ माझ्यावर चढून उभा राहिला. मी हूं की चूं केले नाही. "हे हलायचं नाही," तो म्हणाला. मित्रांनो, आयुष्यातले पहिले कौतुक कुणी विसरते का?

पुढे मी एका खानावळीत राबले. खानावळ बंद पडली तेव्हा एका पोस्टमनने मला हातगाडीवर घालून घरी आणले. अजून मी तिथेच आहे. पोस्टमनचे केस पिकले, ते आबा झाले. त्यांचा मुलगा बस चालवू लागला, सुनेने माझ्या एका टोकाला शिलाई मशीन मांडले, नात माझ्यावर डोके टेकवून गणिते सोडवू लागली. सकाळी डबे, दुपारी कापड, संध्याकाळी अभ्यास, मग ताटे. मला उसंत अशी नव्हतीच, आणि खरे सांगू, मला ते आवडत होते.

मग आबांची दृष्टी गेली. उभी हयात पत्रे वाटलेल्या माणसाला सगळ्या गल्ल्या पाठ होत्या, पण मधल्या काळात रस्ते रुंद झाले, वळणे बदलली. काठी घेऊन निघालेले आबा एका नव्याच दुभाजकाला अडखळून पडले. हाड शाबूत राहिले, पण उमेद खचली. ते खिडकीशी बसून राहू लागले. केस मानेवर आले तरी न्हाव्याकडे जाईनात. त्याला घरी बोलावू म्हटले, तर तेही नको.

एका सुट्टीच्या दिवशी मुलाने माझ्या कोपऱ्यावर मोठा पुठ्ठा पसरला. घरापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंतचा नकाशा त्याला करायचा होता, बोटांनी वाचता येईल असा. फूटपाथच्या कडेला सुतळी, दुभाजकाला काड्यापेटीतल्या काड्या, खडबडीत रस्त्याला पॉलिश पेपर. आबांना मात्र इतक्यात सांगू नकोस, असे त्याने बायकोला बजावले. जमले नाही, तर उगाच आशा लावल्यासारखे होईल.

ड्यूटीवरून आल्यावर ताटे मांडेपर्यंत जो काही वेळ मिळे, तेवढाच त्याचा. कधी बोटभर सुतळी चिकटे, कधी डिंकाची बाटली उघडेपर्यंतच जेवणाची हाक येई. मग पुठ्ठा उचला, मला पुसा. कधी नातीला ताप, कधी जादा पाळी. रोज सबंध शहर पालथे घालणारा हा माणूस गल्लीच्या एका वळणावर कितीतरी आठवडे अडकून पडला होता.

एकदा सून गरम पातेले घेऊन आली. हात भाजत होते आणि ठेवायला जागा नव्हती. तिने घाईघाईने पुठ्ठा उचलून मोरीजवळ टेकवला. जेवणे होईपर्यंत पाण्याने तो फुगला, काड्या सुटून आल्या. तिचा चेहरा पडला. तो रागावला असता तर बरे झाले असते.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आपल्याला कुठं वेळ असतो असल्या गोष्टींना."

त्याने पुठ्ठा कपाटामागे सरकवून दिला. त्यानंतर माझा कोपरा अगदी स्वच्छ राहू लागला. इतकी मोकळी जागा मला कधीच नको होती.

एका दुपारी आबा चहाला माझ्यापाशी बसले. कोपऱ्यावर वाळलेल्या डिंकाचा एक ओघळ राहिला होता, तो त्यांच्या बोटांना लागला. इथं काय सांडलंय, असे त्यांनी विचारले. सुनेच्या मनात ते साचलेलेच होते. तिने मशीन थांबवून सगळे सांगितले आणि तो बिचारा पुठ्ठा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

आबा बराच वेळ बोटे फिरवत राहिले. चहावर साय धरली.

संध्याकाळी मुलगा घरात शिरला, तर त्याचे वडील पुठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेले. "वळणानंतर चढ आहे," आबा म्हणाले. "तो राहिला तुझा. आणि पुठ्ठा नको, फळी घे. रोज थोडं केलंस तरी चालेल, मला कुठं गाडी पकडायची आहे?"

मुलगा बूट न काढताच समोर बसला.

तेव्हापासून काम दोघांचे झाले. मुलगा ड्यूटीवर असला की आबा सुतळी कापून ठेवत, फळीच्या कडा घासत. ताटे माझ्या दुसऱ्या टोकाला सरकली. जेवताना कोपराला कोपर लागायचे, नात कुरकुरायची, पण कोपऱ्यावरची फळी कुणी हलवली नाही.

फळी पुरी झाली. आबांनी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि एका सकाळी काठी घेऊन एकटे निघाले. मुलगा मागोमाग उठला.

"बसा तुम्ही," सून म्हणाली. "ते वाचून गेलेत."

तो बसला. त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते. मग एक बोट फळीवरच्या वाटेने दुकानापर्यंत जाऊन पुन्हा पुन्हा परत येऊ लागले. खूप वेळाने दारात काठी वाजली. आबा आत आले, मान मोकळी, अंगाला साबणाचा वास. खुर्ची ओढत त्यांनी सांगितले की न्हाव्याने दारात एक नवी पायरी केली आहे, ती फळीवर घ्यायला हवी.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी काहीतरी अर्धवट मांडून उठले असेल. ते आवरून टाकण्याआधी एकदा विचारा, हे काय चालले आहे? एका कोपऱ्यावर ताट मांडले नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. जन्मभर ताटे वाहिलेल्या टेबलाचे एवढे तरी ऐका.