कंपाइल न होणारे पान

तिने पुन्हा बटण दाबले. पुन्हा तीच लाल ओळ.

रुग्णालयाच्या नावनोंदणीचे जुने वेबपान ती नव्या पद्धतीने बांधत होती. पानावरच्या प्रत्येक रकान्यासाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या कोडमध्ये एक खूण लावायची, ॲनोटेशन: याचे नाव हे, यात आकडा येईल की मजकूर. पान आणि कोड जुळले नाहीत, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा तयारच होत नाही. जुन्या पद्धतीत तसे नव्हते. नाव चुकले तरी पान हसतमुखाने उघडायचे.

लाल ओळ म्हणत होती, ॲलर्जीचा रकाना पानावर नाहीच. तिने पान तपासले. रकाना होता, पण जुन्या पानापासूनच त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एल’ गळला होता. लोक लिहीत होते आणि लिहिलेले कुठेच पोचत नव्हते.

मागे मास्तर येऊन उभे राहिले. टीमच्या या प्रमुखाला सगळे मास्तरच म्हणत. जुने पान त्यांच्याच हातचे.

“अजून अडलंय? ती खूण काढून टाक. दुपारी पान द्यायचंय.”

“मास्तर, हा रकाना आजवर साठवलाच गेला नाहीये.”

“छे! कोणीतरी बोललं असतं की.”

“कोण बोलणार? पान कधी कुरकुरलंच नाही.”

मास्तर चष्मा पुसू लागले. काच लख्ख झाली तरी पुसतच राहिले. तिने मोबाइल उचलून स्पीकर लावला. तिची थोरली बहीण त्याच रुग्णालयात परिचारिका होती.

“ताई, पेशंटच्या माहितीत ॲलर्जीचा रकाना दिसतो का गं?”

“दिसतो की. रिकामाच असतो. का?”

“रिकामा असला की तुम्ही काय समजता?”

“काय समजणार? ॲलर्जी नाही म्हणून.”

तिने एका दमात सगळे सांगून टाकले.

“थांब, आत्ता इंजेक्शनं द्यायची वेळ झालीय,” ताई म्हणाली. फोन खिशात गेला असावा. कापडाची खसखस आणि भराभर पडणारी पावले ऐकू आली.

मास्तरांनी टेबलावरचा फोन ओढून रुग्णालयाच्या कचेरीला लावला. “सगळ्या वॉर्डांना कळवा,” ते म्हणाले. “त्या रकान्यावर विसंबू नका. हो, चूक आमचीच. माझीच.”

इकडे मोबाइलमधून ताईचा आवाज आला, मुद्दाम सावकाश केलेला.

“आजोबा, एखादं औषध चालत नाही असं आहे का तुम्हाला?”

“नाही बुवा.”

“आणि तुम्हाला, मावशी?”

“अगं, ते पेनिसिलीन. मागं जिवावर बेतलं होतं.” मावशींच्या आवाजात ठसका होता. “फॉर्म भरताना लेकीनं लिहिलंय की सगळं. वाचत नाही का तुम्ही?”

धातूच्या ट्रेमध्ये काहीतरी हलकेच परत ठेवल्याचा आवाज आला.