वाटीतला वास

समीक्षाने घोट तोंडात फिरवला, मोरीत थुंकला आणि नळ सोडला, तेवढ्यात मागच्या दाराशी चप्पल वाजली. तिने बाटली ओढणीखाली घेतली. स्टीलची वाटी मात्र ओट्यावर तशीच राहिली.

रूपराव दारातच थांबले. त्यांनी वाटीकडे पाहिलं नाही, पोरीकडेही नाही. नाक जरा वर केलं, बस्स.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ज्याला ती हवी असते त्याला ती इथे कधी कमी पडलेली नाही. आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक असताना रूपरावांनाही पडली नव्हती. समीक्षा दहावीत होती तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सोडली, ती सोडलीच. निवृत्त झाल्यावर बोरगाव मेघेत हे घर बांधलं, त्यालाही आता चार पावसाळे झाले होते.

"कोणती हाय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला समीक्षाला जागाच उरली नव्हती. नागपूरच्या मोठ्या हॉटेलात ती जेवणाची टेबलं बघते, असं घरी सांगितलेलं. खरं म्हणजे ती बारमागे उभी राहायची. तिने बाटली पुढे केली. तळहातात मावेल एवढी, वर निळ्या अक्षरांत काहीबाही.

"जपानची. जिन म्हणते याले. उद्या कंपनीचे पाहुणे येऊन राह्यले, मले त्याईले पाजून सांगा लागते, की याच्यात काय काय हाय."

"तं हे काम करतं तू."

"हो."

"पेतं?"

"नाई बाबा. चव घ्याची अन् थुंकून टाकाची."

रूपराव हसले. "थुंकाचा पगार भेटते? आमाले आधी काऊन नाई सांगतलं कोणं!"

हसणं लगेच विरलं. ते ओट्याजवळ आले. समीक्षाने वाटी मागे ओढायला हवी होती. हात पुढे गेलाही होता. पण तिची अडचण अशी, की कुठलाही पेला नाकाशी नेला की तिला एकच वास यायचा: लहानपणी खुंटीवर लटकलेला बाबांचा शर्ट, ग्रीस आणि मोहाची दारू. बारचे मॅनेजर निकेश सर परवाच करवादले होते, "चवीच्या कार्डावरचं तं त्याईनंच छापलं, ते त्याईलेच काय ऐकवतं? तुले काय वाटते ते सांग. नाई तं काउंटर रीताले देतो." बार सांभाळायची जागा उद्याच्या संध्याकाळवर टांगलेली होती. म्हणून तर ती ही बाटली चोरासारखी घरी घेऊन आली होती. आई रोहण्याला बहिणीकडे गेलेली, घर रिकामं, आणि तिथेही शर्टाशिवाय काही सापडेना.

"मले वास घेऊ दे," रूपराव म्हणाले.

तिने हात मागे घेतला.

त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि डोळे मिटले. उपाशी माणसाला शेजारच्या घरची फोडणी बरोबर कळते, तसं त्यांचं झालं.

"पहिले तं लाकूड. ओलं, करवतीखालचं." त्यांनी वाटी जरा फिरवली. "मंग लिंबू. पण आपलं कागदी नाई. रोहण्याच्या मळ्यात ईडलिंबू होतं ना, त्याच्या सालीले नख मारलं का फवारा उडते... ते. अन् फोडणीतल्या गोडलिंबाचा पाला, हातानं चुरगळलेला."

समीक्षाने वाकून हुंगलं. आणि काय आश्चर्य, शर्ट नव्हता. ईडलिंबू होतं. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

रूपरावांनी वाटी खाली ठेवली. "ने हे आता."

पण त्यांची बोटं वाटीच्या काठावरून सुटेनात. समीक्षाने ते पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि तरीही ती म्हणाली, "बाबा, सगळ्यात शेवटी काय येते? कायतरी हिरवं येते अन् निसटून जाते. तेवढं सांगा ना."

पुढे आयुष्यभर तिला स्वतःचं हे वाक्य ऐकू येणार होतं.

रूपरावांनी पुन्हा वाटी उचलली. या खेपेला ती ओठांच्या फार जवळ गेली आणि तिथे फार वेळ राहिली. समीक्षा श्वास धरून उभी. पण हात धरायला ती पुढे झाली नाही. तिला उत्तर हवं होतं.

"चारा," ते कसेबसे म्हणाले. "हिरवा चारा, उन्हातून आणून गोठ्यात टाकलेला."

वाटी ओट्यावर आपटली, थोडी सांडली. रूपराव वळले आणि तडक मागच्या खोलीत गेले. आतून आवाज आला, "समीक्षा, बाहेरून कडी लाव."

"बाबा..."

"लाव म्हणतो ना! तुही माय येतपर्यंत उघडजो नको. मी म्हटलं तरी नको."

सोडली तेव्हाही ते असेच स्वतःला कोंडून घेत. कडी आई लावायची. आज ती पोरीने लावली. मग तिने बाटली मोरीत रिकामी केली, ओटा साबणाने घासला, पुन्हा घासला. खोलीत येरझारा चालल्या होत्या. एकदा दारावर थाप पडली, हलकी, लाजल्यासारखी. तिने उघडलं नाही. तोंडाने मात्र ती पुटपुटत होती: लाकूड, ईडलिंबू, गोडलिंब, चारा. धडा पाठ होत होता आणि स्वतःची किळस येत होती.

दिवेलागणीला रोहण्याहून मंदाबाई आल्या. पिशवी खाली ठेवतानाच त्यांची नजर कडीवर गेली.

"कोणं आणली?"

"मी."

मंदाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "खोकल्याचं औषध बी मी वास पाहून आणतो या घरात," एवढंच म्हणाल्या. मग पाट ओढून दाराला पाठ लावून बसल्या आणि मेथीची जुडी सोडली. "जा तू. तुही गाडी चुकन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समीक्षाने पाहुण्यांपुढे लहान पेले मांडले. आधी नुसती दिली, मग पाण्याचे थेंब घालून वास मोकळा केला, मग बर्फावर टॉनिक ओतून. तिने स्वतःही घोट घेतला आणि पहिल्यांदाच तिला चव कळली. आधी कोवळा कडवटपणा, मागून गोडी, आणि ती गोडी जिभेवरून हलायला तयार नाही. थुंकायचं तिच्या जिवावर आलं. ती बोलली. चाऱ्यापाशी आली तसा पाहुण्यांतला म्हातारा डोळे मिटून ऐकायला लागला. दुभाष्याने सांगितलं, "ते म्हणतात, त्यांच्या लहानपणी घरी गुरं होती."

टाळ्या झाल्या. काउंटर तिचं झालं. निकेश सरांनी विचारलं, "कोठं शिकली गं?"

"घरी," ती म्हणाली आणि पेले धुवायच्या निमित्ताने आत गेली. तिथे तिला रडू कोसळलं.

सुट्टी मिळाली तशी ती घरी आली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. दाराबाहेर आईची वळकटी अजून तशीच होती. रूपराव अंगणात लुनाचा प्लग साफ करत बसले होते. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. पण हात स्थिर होते.

समीक्षा शेजारी बसली. "बाबा, मले माफ करा."

"झालं का तुह्य काम?"

"झालं."

"मी सांगतलं तसंच होतं?"

"तसंच. तुमचेच शब्द सांगतले मी."

ते खूश झाले, ते लपवता येईना. पॉलिश पेपर प्लगवर दोनदा घासला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मंदाबाई भाकरी थापत होत्या. रूपरावांनी आवाज अगदी खाली आणला.

"अन् चव कशी होती?"

समीक्षाच्या जिभेवर ती गोडी होती, आत्ताही होती.

"कडू," ती म्हणाली. "नुसती कडू, बाबा."

रूपरावांनी तिच्याकडे पाहिलं. ज्याने इतकी वर्षं घरादाराशी खोटं बोलून काढली, त्याला खोटं ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"हो," ते म्हणाले, "कडूच असन." आणि खाली मान घालून प्लग पुसायला लागले.