सुताराचं पान

ओक्ताव फर्नेल यांची सही मिळवायला कुणाला दोनदा घंटी वाजवावी लागत नसे. कुठे संप मोडो, कुठे कुणाला फाशी होवो, निषेधाच्या पत्रकाखाली त्यांचं नाव ठरलेलं. अकरा कादंबऱ्या आणि तत्त्वज्ञानाचे दोन जाडजूड ग्रंथ त्यांनी लिहिले होते. त्या ग्रंथांचं सार एका ओळीत मावत होतं: लिहिणारा माणूस आपल्या प्रत्येक शब्दाला जबाबदार असतो. ही ओळ म्हणताना ते चष्मा काढत.

तळमजल्यावरच्या खोलीत राहून इमारत सांभाळणाऱ्या मादाम केरवेल त्या ग्रंथांच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. त्या टपाल वर आणीत, फर्नेलांच्या दोन खोल्या झाडीत, टोपलीतले कागद खाली नेत. नवरा समुद्रात बुडाल्यावर त्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून एकुलत्या जिल्दासला घेऊन पॅरिसला आल्या होत्या. पोरगा पावाच्या भट्टीवर काम शिकला आणि वीस वर्षांचा होताच सक्तीच्या लष्करी नोकरीवर अल्जीरियात गेला. तिथे युद्ध चालू होतं. सरकार त्याला युद्ध म्हणत नव्हतं, एवढंच.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात एका सकाळी मादाम केरवेलनी टपालासोबत स्वतःचं एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"मस्यू, तुम्ही सगळ्या जगासाठी कागद खरडता. आज माझ्या पोराचा एक वाचा."

जिल्दासच्या तुकडीनं एका शेतावर तळ ठोकला होता. त्यानं लिहिलं होतं, 'आई, पलीकडच्या खोलीत कैदी आणतात. ते ओरडायला लागले की ऐकू येऊ नये म्हणून मी पीठ जोरजोरात फळीवर आपटतो. ज्या दिवशी ओरडणं जास्त, त्या दिवशी पाव मस्त फुगतो. सगळे माझी तारीफ करतात.'

फर्नेलांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, हे कबूल करायलाच हवं.

"हे छापायला हवं, मादाम."

"म्हणून तर आणलं. पण तो कोण ते कळता कामा नये हं. कळलं तर ते लोक त्याला सोडायचे नाहीत. तेवढं एक मला वचन द्या."

"वचन दिलं," फर्नेल म्हणाले.

त्यांनी शब्द पाळायला सुरुवातही केली. नाव बदललं, गाव बदललं, आणि जिल्दासला सुतार केलं. आवाज बुडवायला तो रंधा मारतो, असं लिहिलं. मग ते पान त्यांनी चारदा वाचलं आणि चुरगळून टोपलीत टाकलं.

"सोलांज, पाव परत घाला. सुतार मेलेला आहे."

सोलांज चौदा वर्षं त्यांचं लेखन टाइप करत होती. तिची बोटं यंत्रावरच थांबली. "मस्यू, तुकडीत पाव भाजणारा एकच असतो."

"फ्रान्सच्या सैन्यात तुकड्या किती आहेत?"

"आणि शेतावरच्या तळावर भट्टी असलेल्या किती?"

"तुम्ही पोलिसात जायला हवं होतं," फर्नेल हसून म्हणाले. "अहो, ती ओळ काढली तर उरतं काय? आणखी एक निषेधाचं पत्रक. ती वाचून माणसाला घास गिळवणार नाही. टाइप करा."

तिनं केलं. शब्दांच्या जबाबदारीवर दोन ग्रंथ लिहिलेल्या माणसापुढे टाइपिस्टनं किती बोलावं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

लेख आला त्याच दिवशी पोलिसांनी साप्ताहिकाचा अंक जप्त केला. त्या काळी लेखकाला याहून मोठा मान नव्हता. फोन खणखणत राहिला, विद्यार्थ्यांनी लेखाच्या नकला काढून वाटल्या आणि त्या पावाची ओळ तोंडोतोंडी झाली. मादाम केरवेलच्या हाती मात्र अंक लागला नाही. "छान झालं म्हणतात सगळे," त्या जिना पुसता पुसता म्हणाल्या. "उपकार झाले, मस्यू." फर्नेल घाईनं वर गेले.

तीन आठवड्यांनी जिल्दासचं पत्र आलं. कप्तानानं जेवताना सगळ्यांसमोर एक कागद वाचून दाखवला, पाव मोडला आणि त्याच्याकडे बघून हसला. आता भट्टी दुसऱ्याकडे होती. जिल्दास गस्तीच्या तुकडीत सगळ्यात पुढे चालत होता.

"पुढे कशाला घातलं असेल हो त्याला?" मादाम केरवेलनी विचारलं.

"बदल्या होतच असतात," फर्नेल म्हणाले. त्यांनी मंत्र्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

डिसेंबरात, सैनिक मेल्याची खबर घरी पोचवणारा नगरपालिकेचा माणूस टोपी हातात घेऊन तळमजल्याच्या दारात उभा राहिला. सोलांजनं त्याला वरून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही.

आठवडाभर टपाल वर आलं नाही. शेवटी फर्नेल स्वतः खाली गेले. बावीस वर्षांत त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता, त्यात पोराची पत्रं. शेजारी कुणीतरी आणून दिलेली लेखाची नक्कल. आणि एक पान, आधी चुरगळलेलं, मग इस्त्री फिरवून सपाट केलेलं.

"हे तुमच्या टोपलीत सापडलं होतं," मादाम केरवेल म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचाच होता. "यात सुतार आहे. मी वाचलं आणि म्हटलं, बघ, मस्यूंनी किती जपलं माझ्या पोराला. त्या दिवशी मी चर्चमध्ये तुमच्या नावानं मेणबत्ती लावली."

फर्नेलांनी चष्मा काढला.

"सुतार वाईट होता का, मस्यू?"

 

"नाही," ते म्हणाले. "सुतार चालला असता."

मादाम केरवेलनी मान हलवली, पान नीट घडी करून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मग कोपऱ्यातला पत्रांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "तुमचं टपाल. यापुढे तुमचं तुम्ही नेत जा."

फर्नेल जिना चढू लागले. दुसऱ्या वळणावर, सवयीनं, त्यांनी वरचं पत्र फोडलं. लियाँच्या एका शिक्षिकेनं लिहिलं होतं: 'पावाची ती ओळ मी वर्गात वाचली. मुली रडल्या. अशी ओळ फक्त तुम्हीच लिहू शकता.'

ते तिथेच पायरीवर बसले. खाली मादाम केरवेल दार लावून घेत होत्या.