कुंडी न मागणारी वांडा

मी वांडा बोलतेय, ऑर्किडच्या कुळातली. माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझी मुळं हवेत लोंबतात. कोरडी असली की राखाडी दिसतात, भिजली की हिरवी. थोरल्या जाऊबाईंच्या खिडकीत मी तारेला टांगलेली असायचे. रोज सकाळी त्या माझी मुळं बादलीत बुडवत, ती हिरवी होईपर्यंत थांबत आणि मग निथळायला टांगत. धाकट्या जावेने नवं घर घेतलं, तेव्हा त्यांनी त्यांची सगळ्यांत लाडकी वांडा, म्हणजे मी, तिला दिली.

त्यांची पाठ वळताच धाकटीने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बघितलंत? रोप दिलं, पण कुंडी नाही! चार मुठी माती जड झाली त्यांना?"

"अगं, तसंच असेल ते."

"तसंच कसं असेल? स्वतःला नकोसं झालं म्हणून माझ्या गळ्यात मारलं."

तिने घरातली सगळ्यांत चांगली कुंडी काढली, मुळांवर माती दाबून बसवली आणि रोज दोन वेळा तांब्याभर पाणी घालू लागली. माझा श्वास कोंडला. खालची पानं पिवळी पडून गळाली.

"बघा, किडकंच दिलं होतं!" ती म्हणाली.

मला मात्र वेगळाच संशय यायचा. जावेवरचा राग ही माझ्यावर तर काढत नाही ना?

महिन्याभराने थोरल्या आल्या. मला बघून त्यांचा चेहराच उतरला.

"जिवंत गाडलंस गं हिला! माझ्यावर एवढा राग?"

"राग कसला, ताई? तुम्ही उघडीबोडकी दिलीत, मी निदान कुंडी तरी दिली!"

थोरल्यांनी कुंडीतली ओली माती बोटाने उकरून पाहिली.

"अगं, हिला कुंडी लागतच नाही. तुला माहीत असेल असं धरून चालले मी. सांगायला हवं होतं."

धाकटीचे डोळे भरले. "आणि मी काय काय बोलले तुम्हाला!"

दोघींनी मला मातीतून अलगद सोडवलं. कुजलेली मुळं थोरल्यांनी कात्रीने कापली. धडधाकट अशी चारच उरली.

त्या चार मुळांवर मी आता धाकटीच्या खिडकीत टांगलेली आहे. एकाला नवं हिरवं टोक फुटलंय. फुलं येतील की नाही, मलाही ठाऊक नाही. बाई मनाने भली आहे. तरी तिचा हात पुढे आला की अजून मी आक्रसते.

तुमच्याही घरी कधी माझ्यासारखी कुणी आली, तर माया जरूर करा. फक्त त्याआधी एकदा विचारा, हिला काय हवंय?