दुपारच्या दंडारीची ढोलकी

मी एक जुनी ढोलकी आहे. मित्रांनो, जुनी म्हणजे तेरा वर्षांची. एवढ्या काळात माझी कातडी चार वेळा बदलली. लाकूड तेवढे पहिले उरले आहे. तेव्हा माझ्यात मूळची मी किती, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. जे माझ्यासमोर घडले, तेवढेच मी सांगणार आहे.

१९४७ च्या उन्हाळ्यात, आमच्याकडच्या प्रतापगडाच्या बाजूला तोडलेल्या बिजा नावाच्या झाडाच्या खोडातून मला कोरले गेले. कोरणाऱ्याने आतली भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली. मला पुढे जी काही वाहवा मिळाली, तिचे निम्मे श्रेय त्याच्या हाताचे आहे. एका तोंडाला पातळ कातडे चढले, दुसऱ्याला जाड, आणि दोन्ही दोरीने आवळून झाल्यावर मी शालीकरामांच्या हवाली झाले. शालीकराम नागपूरच्या पूर्वेला, आमगावजवळच्या एका गावात धान पिकवत आणि दिवाळी झाली की दंडार उभी करत. दंडार म्हणजे आमच्या भागातले लोकनाट्य. त्यात गाणे असते, नाच असतो आणि एक गोष्ट असते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. माणसे बैलबंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, येतात आणि दिवस मावळायच्या आत परततात, म्हणून दंडार व्हायची ती भर दुपारी. आमच्या मंडळाची एक खास पद्धत होती. आम्ही एकच लांबलचक गोष्ट मंडईमागून मंडई तुकड्या-तुकड्यांनी करत असू. आज सुनेवर हार चोरल्याचा आळ यायचा आणि त्याचा निकाल दोन दिवसांनी शेजारच्या गावात लागायचा. तो ऐकायला बायका आपापल्या नातेवाइकांकडचा मुक्काम वाढवत.

त्या सुनेचे नाव गजरा. ती भूमिका करणारा उदेभान एकोणीस वर्षांचा होता. सर्वांत मागे, आपल्या मुरमुऱ्यांच्या दुकानाशेजारी सुलोचनाबाई बसत. त्यांनी नाटक आणि संसार यांत कधी भेद केला नाही.

"कायले रडून राहिली वो गजरा?" त्या मध्येच उभ्या राहून ओरडत. "सांग ना त्या बुडी सासूले, का हार तिनंच लपवला मनून!"

पदराआडून गजरा उत्तर देई, "सांगीन ना मावशी! पन आज नाही. परवा सांगीन."

"परवा माह्या घरी पाहुने आहेत!"

"मंग त्यायलेबी घेऊन या."

हे सगळे पाहायला गमतीचे आणि करायला फार कठीण होते. दुपारी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तापलेली असते. तापलेल्या हवेत आवाज अधिक वेगाने जातो, आणि त्यामुळे तो वरच्या गार हवेकडे वळतो. दूर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून तो निघून जातो. मोकळ्या मैदानात रात्री नेमके उलटे होते. रात्रीच्या नटाला हवेची मदत मिळते. दुपारच्या नटाला मिळत नाही. त्याला दिवा नाही, पडदा नाही, आणि समोर बांगड्यांची दुकाने आणि हंबरणारे बैल.

शालीकरामांनी विज्ञान वाचलेले नव्हते, पण त्यांचे उपाय बिनचूक होते. खेळाच्या आधी ते मूठभर कोंडा हवेत उधळत आणि वारा कुठून येतो ते पाहत. नट वाऱ्याला पाठ करूनच उभा राहिला पाहिजे, आणि जमिनीवर नव्हे तर बैलबंडीवर, असा त्यांचा दंडक होता. वाक्य लहान हवे, शेवटचे अक्षर गिळायचे नाही, आणि दोन वाक्यांच्या मध्ये माझी एकच थाप. उदेभान हे सारे चार वर्षांत शिकला.

१९५१ मध्ये नागपूरच्या एका नाटक मंडळीचे मालक मंडईत आले आणि त्याला घेऊन गेले. "जा बाबू," शालीकराम म्हणाले. "तिकडं परदा रायते. ऊन नाही लागनार."

तिकडे तो मोठा नट झाला. तीन वर्षांनी नागपूरच्या एका साप्ताहिकात त्याची मुलाखत आली. गावच्या शिक्षकांनी ती पारावर मोठ्याने वाचली. 'माझ्या अभिनयाची सुरुवात नागपुरातच झाली,' असे त्यात छापले होते. शिक्षक वाचता वाचता थांबले.

"बरं लिवलं आहे," शालीकराम म्हणाले आणि घरी आले.

परिणाम लगेच दिसला. मंडळातली तरुण पोरे म्हणू लागली, "जो शिकला तोच लाजून राहिला, मंग आमी कायले नाचाचं?" अकरांचे सात झाले, सातांचे चार. चौघांत लांबलचक गोष्ट होत नाही. दंडार मंडईत उभी राही, पण दोन गाणी म्हणून आटपे. पुढे माझे कामही संपले. शालीकरामांनी मला धान साठवण्याच्या ढोलीमागे खुंटीला टांगले. भिंत ओली होती. पातळ कातडे सैल पडले, आणि एका उंदराने दोरीचे दोन वेढे कुरतडले. ढोलकीला दुःख होते असा माझा दावा नाही. तिला ओल लागते, हे मात्र तपासून पाहता येते.

१९५८ च्या दिवाळीआधी मंडई समितीचे प्रमुख हिरालाल घरी आले. "काकाजी, जमाना बदल गया," ते म्हणाले. "यंदा त्याच जागी उदेभानरावांचा सत्कार. नागपूरचा नाट्यप्रवेश होईल, अन् भोंगा लावू. दंडार आता बंद."

"या सालापुरती?"

"कायमची. चार मानसं उभी रायतेत, लोक हासतेत."

दंडारीला मंडईवाचून दुसरी जागा नव्हती, हे दोघांनाही माहीत होते.

हिरालाल गेल्यावर रुख्माबाईंनी, म्हणजे शालीकरामांच्या पत्नीने, मला खुंटीवरून काढले, नवी दोरी ओवायला लावली आणि दोन दिवस अंगणात उन्हाला ठेवले.

"सत्काराले ढोलकी कायले?" शालीकराम चिडून म्हणाले.

"कोनी पुसलं तर माह्यं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी निस्ती उचला."

मंडईच्या दिवशी मैदानाच्या दक्षिण टोकाला मंच उभा होता. पाहुण्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून तो उत्तराभिमुख केला होता. वारा उत्तरेचा होता. भोंगा असताना वाऱ्याचा विचार कोण करतो? दोन हजार माणसे जमली होती. शाल, श्रीफळ, भाषण असे सगळे पार पडले. उदेभानराव कोट घालून बोलायला उठले, दहा-बारा वाक्ये झाली, आणि भोंगा घरघरून बंद पडला. त्याची बॅटरी संपली होती.

उदेभानराव नाट्यगृहातल्या गोड, घोळदार आवाजात बोलत राहिले. तो आवाज पहिल्या दहा ओळींच्या पलीकडे गेला नाही. माणसे उठून बांगड्यांकडे वळू लागली. तेवढ्यात उत्तर टोकावरून, मुरमुऱ्यांच्या दुकानावरून, हाक आली.

"आयकू नाही येऊन राहिलं गा! तोंडात सुपारी आहे का?"

लोक हसले. हिरालाल घाईने पुढे आले. "साहेब, बसा. कार्यक्रम संपला असं सांगतो."

उदेभानराव बसले नाहीत. त्यांनी मैदानाकडे एकदा नीट पाहिले.

"कोंडा आना गा मूठभर," ते म्हणाले.

कोणीतरी बैलांच्या टोपल्यातून कोंडा दिला. त्यांनी तो उधळला. तो थेट त्यांच्याच कोटावर आला. ते मंचावरून उतरले, गर्दीतून वाट काढत उत्तर टोकाला गेले आणि सुलोचनाबाईंच्या दुकानाशेजारच्या रिकाम्या बंडीवर चढले. आता वारा त्यांच्या पाठीशी होता. सर्वांत मागची रांग सर्वांत पुढची झाली आणि मंचाकडे तोंड करून बसलेल्यांना उलटे वळून बसावे लागले.

"काकाजी!" ते ओरडले. "ढोलकी आनली का?"

शालीकराम गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी मला वर धरले. दोन हजार माणसांनी वळून पाहिले. बंडीजवळ येऊन त्यांनी पहिली थाप दिली, ती जागेवर पडली.

उदेभानरावांनी सत्काराची शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली. कोट घातलेली गजरा बंडीवर उभी राहिली. कोणी हसले नाही. एक लहान वाक्य, माझी एक थाप, पुन्हा एक लहान वाक्य. मैदानाच्या पार दक्षिण टोकाला, मंचावर बसलेल्या हिरालालांना शेवटचे अक्षरही ऐकू गेले. ते पुढे स्वतःच तसे सांगत. बांगड्यांची दुकाने रिकामी झाली. पाऊण तास कोणी जागचे हलले नाही.

"आता बोलली!" सुलोचनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतके दिवस कोठं गेली होतीस वो?"

"नागपूरले, मावशी. खोटं बोलाले." उदेभानरावांनी शाल खांद्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "आमच्या नागपूरच्या मंडळीत ज्याच्यात्याच्या मागं असं एक मैदान आहे, अन् जो तो लपवून राहिला. मीबी लपवलं. मले वाटे, उन्हात नाचलेल्या मानसाले पाहाले तिकीट कोन काढील? माही सुरुवात नागपूरले नाही झाली. या बंडीवर झाली. तिथं मी फक्त सावलीत गेलो."

ते उतरून शालीकरामांच्या पायाशी वाकले. शालीकरामांनी त्यांना मध्येच धरले आणि दटावले, "शेवटच्या ओळीत दम कमी पडला."

"सराव नाही ना, काकाजी."

"मंग येत जा."

हिरालाल घामाघूम होऊन पोहोचले. त्यांनी बंडीवर चढून, स्वतःच्याच आवाजात, जाहीर केले की दंडार बंद करण्याचा ठराव मागे घेतला आहे. ते अर्ध्या मैदानालाच ऐकू आले, म्हणून शालीकरामांनी त्यांना वाऱ्याला पाठ करायला लावून पुन्हा म्हणायला सांगितले. दुसऱ्या वेळी टाळ्या शेवटपर्यंत वाजल्या.

एका प्रसंगावरून नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून पुढचे सांगते. उदेभानरावांनी त्या साप्ताहिकाला पत्र पाठवून मुलाखत दुरुस्त करून घेतली. त्यानंतर मंडळीतल्या आणखी तिघांनी आपापली जुनी मैदाने उघडपणे सांगितली. एकाचेही प्रेक्षक कमी झाले नाहीत. गेल्या दोन दिवाळ्यांपासून उदेभानराव मंडळीतले नवे नट आमच्याकडे घेऊन येतात आणि बंडीवर उभे करतात. मंडळात आज चौदा माणसे आहेत. गोष्ट पुन्हा लांबली आहे, आणि सुलोचनाबाई पुन्हा मध्येच उभ्या राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे वाद्य असेल तर त्याला ओल्या भिंतीला टांगू नका. आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. आणि तुम्हाला जिथे प्रथम काही करता आले, ती जागा कितीही साधी असली तरी तिचे नाव विचारल्यास सांगा. ते सांगायला फारसा खर्च येत नाही, आणि न सांगितल्याने मागे राहिलेल्यांचे किती नुकसान होते, ते मी खुंटीवरून पाहिले आहे.

आज आमगावच्या बाजूला मंडई आहे. कोंडा उधळून झाला आहे, बंडी फिरवून ठेवली आहे. शालीकरामांनी माझी दोरी एक पेर आवळली आणि कान लावून ऐकले. त्यांना आवाज पसंत पडला.